तारा जुळल्या, पण ऐकू येणार का?

लग्नसराई आली की ऑफिसच्या कँटीनमध्ये दोनच विषय उरतात. अप्रेझल आणि कुणाचं तरी लग्न! पूर्वी चर्चा हॉल, केटरर आणि पैठणीवर संपायची. आता त्यात भर पडलीये 'लाइव्ह म्युझिक'ची. डीजे काय, सगळेच लावतात. आपण काहीतरी हटके करू यार! व्हायोलिन ठेवू, सतार ठेवू, बजेट बसलं तर सूट-बूटवाल्या चौघांचं स्ट्रिंग क्वार्टेट. आयडिया मस्तच आहे. मी स्वतः या आयडियाच्या प्रेमात आहे, म्हणूनच आधी थोडं कडू बोलते.

गेल्या सीझनला बीड बायपासवरच्या एका लॉनवर रिसेप्शनला गेले होते. स्टेजच्या डावीकडे व्हायोलिन आणि तबला. गज वर-खाली होताना दिसत होता, पण ऐकू येत होता तो चाटच्या स्टॉलवरचा गलका आणि मागचा जनरेटर. नवरी हौसेने सारखी तिकडे बघत होती आणि तिलाही काही ऐकू येत नव्हतं. तिच्या बाबांचे पैसे गेले, वादकाची संध्याकाळ गेली. दोष कुणाचाच नव्हता. वेळ आणि जागा चुकली होती, बस्स.

तेव्हा आपला फंडा एकदम क्लिअर आहे. वादक नंतर निवडा, आधी 'अर्धा तास' निवडा.

का ते सांगते. आपल्याकडे कार्यालयाच्या दारात सनई-चौघडा असतो, तो काही उगीच नाही. उघड्यावर, गर्दीतही सनई लांबपर्यंत पोचते. तंतुवाद्यांचा जीव नाजूक. ती बैठकीची वाद्यं. म्हणजे लग्नाच्या धामधुमीत बैठक कुठे बसते, ते शोधायचं. मंगलाष्टकांच्या वेळी गुरुजींचा माईक असतो. पंगतीत वाढप्यांची धावपळ. शुभेच्छांची रांग लागली की फोटोग्राफरचं राज्य! उरतं काय? आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन आटोपल्यावरचा निवांत वेळ, घरची हळद-मेंदी किंवा रिसेप्शनला जोडपं स्टेजवर येण्याआधीची तीस-चाळीस मिनिटं. पाहुणे पन्नास-साठ असतील तर सोन्याहून पिवळं.

आता वाद्यांकडे वळू. सगळ्यात सेफ म्हणजे एक व्हायोलिन किंवा सतार आणि साथीला तबला. संध्याकाळी यमन, हंसध्वनी, मग एखादं नाट्यगीत, एखादा अभंग. आजी खूष, बॉसही खूष. घरात 'सनईच हवी' विरुद्ध 'व्हायोलिनच हवं' असा सामना रंगला असेल तर तोडगा तयार आहे. वाईत जन्मलेल्या पं. व्ही. जी. जोगांचं व्हायोलिन आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई यांची जुगलबंदी आईबाबांना ऐकवा. भांडण तिथेच मिटेल!

क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. ते फिरंगी वाटतं खरं, पण आपल्या हिंदी गाण्यांमागे अशीच व्हायोलिनं वाजत आलीयेत आणि ती वाजवणाऱ्यांत गोव्याची माणसं पुष्कळ. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विसांनी तर १९५८ मध्ये मुंबईत भारतीय रागसंगीत आणि सिंफनी ऑर्केस्ट्रा एकत्र आणायचा घाट घातला होता. मात्र क्वार्टेट मुंबई-पुण्याहून बोलवणार असाल तर मानधनात चौघांचा प्रवास आणि मुक्काम धरा. शिवाय ही मंडळी नोटेशन बघून वाजवतात. तुमचं 'ते आपलं गाणं' हवं असेल तर चौघांसाठी वेगवेगळं लिहावं लागतं. आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप करून चालत नाही, तीन-चार आठवडे आधी सांगा.

बुकिंगआधी चार प्रश्न विचारा. एक, डेमोमध्ये वाजतंय ते खरंच लाइव्ह, की रेकॉर्डेड ट्रॅकवर नुसती वरची चाल? एडिट न केलेला पाच मिनिटांचा व्हिडिओ मागा. दोन, त्या दिवशी नक्की कोण येणार? नावं लिहून घ्या. तीन, सलग किती वेळ वाजवणार आणि ब्रेक कधी? चार, साऊंड कुणाचा? डीजेच्या दोन राक्षसी स्पीकरमधून व्हायोलिन किंचाळतं. त्याऐवजी चार छोटे स्पीकर लांब लांब, हळू आवाजात ठेवा. साऊंड चेक पाहुणे यायच्या आधी!

आणि आपलं ऊन विसरू नका बुवा. मे महिन्यात इथे पारा चाळिशी ओलांडतो. सतारीचा भोपळा हा खराखुरा भोपळाच असतो. मिरजेच्या ज्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, तीही उन्हात ठेवली तर कुरकुरणारच. एसीतून एकदम लॉनवर नेलं की तारा उतरतात. वादकांना सावली द्या आणि वाद्य लावायला अर्धा तास द्या. जेवणही वेळेवर विचारा, तेवढं तरी आपण करू शकतो.

कायद्याचंही टेन्शन नको. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरचा लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद. मग साडेसात ते सव्वाआठ तारा, त्यानंतर दहापर्यंत डीजे. दोघांचंही भागतं! लग्नसमारंभात सिनेमाची गाणी वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे आणि केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये ते पुन्हा स्पष्टही केलंय. कंपनीच्या अ‍ॅन्युअल डेला मात्र ही सूट लागू नाही. एचआरवाल्यांनो, लक्षात असू द्या!

कधी रविवारी विद्यापीठामागच्या औरंगाबाद लेण्यांकडे चक्कर मारा. सातव्या लेण्यात एक नर्तिका कोरलीये आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्य वाजवणाऱ्या सहा जणी. नर्तिकेला अगदी खेटून, एकाच चौकटीत! शिल्पकाराने त्यांना कोपऱ्यात नाही बसवलं. तुमच्या लग्नात वादक कुठे बसणार, ते ठरवताना तेवढं आठवा. आणि त्या अर्ध्या तासात नवरा-नवरीसाठी पहिल्या रांगेत दोन खुर्च्या राखून ठेवा. सगळ्यांनी ऐकायचं आणि तुम्ही दोघांनीच नाही, हे काही बरोबर नाही ना?