फ्यूज कोणासाठी असतो?

गेल्या उन्हाळ्यात मुलाकडे मिनेसोटात होते. त्या राज्यात दहा एकर किंवा त्याहून मोठी तळी 11,842 आहेत म्हणे, तेव्हा चिरंजीवांनाही बोट घ्यावीशी वाटली यात नवल नाही. घेतली ती जुनी, 1994 सालची पाँटून बोट. दोन लांब पोकळ ॲल्युमिनियमचे नळ, त्यावर ओटा, भोवती कठडा आणि मागे इंजिन. थोडक्यात, सुधारलेला तराफा. 1952 साली याच राज्यातल्या ॲम्ब्रोज वीरेस नावाच्या शेतकऱ्याने लोखंडी पिंपं जोडून त्यावर लाकडी ओटा टाकला, तिथून ही कल्पना पुढे आली.

बोट छान होती, पण दिवे लावले की फ्यूज उडायचा. मुलगा म्हणाला, "आई, दोन वायरी बदलतो. चार जुलैची आतषबाजी तळ्यातूनच बघू." मी म्हटलं, सगळ्या वायरी काढ. यावरून आमचं चांगलंच वाजलं. माझी बाजू काय होती ते सांगावं म्हणून हा लेख.

त्याचं म्हणणं, "बारा व्होल्ट आहे गं, शॉकसुद्धा लागत नाही." खरं आहे. पण शॉक लागत नाही म्हणजे आग लागत नाही असं थोडंच आहे? व्होल्ट कमी असले की तेवढ्याच कामाला करंट जास्त लागतो. बॅटरीच्या दोन टोकांचा थेट संबंध आला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि बारीक वायर क्षणात लाल होते. त्यात बोटीवर पेट्रोलची टाकी.

मी मराठीची बी.ए., पण हा धडा मी घरातच शिकले आहे. साताऱ्याच्या घरी नणंदेच्या लग्नात किटकॅटचा फ्यूज सारखा जात होता. ह्यांनी त्यात जाड तार घातली. फ्यूज गेला नाही; भिंतीतली वायर जळाली. मांडवात धूर, लेकरांची रडारड. कोणाला इजा झाली नाही, पण तो वास अजून आठवतो. तेव्हापासून कळलं, की फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. तो उडतो म्हणजे आपलं काम करतो. त्याला गप्प करायचं नसतं, का उडाला ते शोधायचं असतं.

शेवटी ओट्याखाली शिरून पाहिलं. सोळा गेजच्या वायरीवर 30 अँपिअरचा फ्यूज! आधीच्या कुण्या मालकाने ह्यांच्यासारखंच केलं होतं. तरीही फ्यूज उडत होता, कारण कठड्याखाली घासून वायरीचं आवरण गेलं होतं. एका जोडापाशी प्लास्टिक वितळलेलं. घरात वापरतात तशा पिळायच्या टोप्या जोडांवर, आणि आत तांबं काळं-हिरवं पडलेलं. मुलगा काही बोलला नाही. नात त्याच बाकावर बसायची.

मग सगळं उपसलं. कल्हई केलेल्या तांब्याची, अनेक बारीक तारांची बोटीची वायर आणली. एकतारी वायर हादऱ्यांनी तुटते, म्हणून बोटीवर ती नको. जोड दाबून बसवले, वर गरम केल्यावर आवळणारी, आतून चिकट नळी. मुख्य फ्यूज बॅटरीजवळ, कारण फ्यूजच्या अलीकडच्या वायरीला कोण वाली? ऋण बाजूची वायर पिवळी घेतली. अमेरिकेत घरातल्या विजेत काळी वायर जिवंत असते, गोंधळ नको. परतीचा करंट बोटीच्या ॲल्युमिनियममधून न नेता वायरीतूनच नेला, नाहीतर पाण्यात धातू झिजतो.

जुन्या अकरावीतला ओहमचा नियमही कामी आला. वीस फुटांवरच्या 5 अँपिअरच्या भाराला जाऊन-येऊन चाळीस फूट वायर. सोळा गेजमध्ये सुमारे 0.8 व्होल्ट वाटेतच जातात, बारा गेजमध्ये 0.3. अंधारात डाव्या बाजूचा लाल, उजव्या बाजूचा हिरवा आणि वरचा पांढरा दिवा दुसऱ्या बोटीला नीट दिसायला हवा, तिथे हा फरक चैनीचा नाही.

एका बाबतीत मुलगा बरोबर होता. इंजिनाच्या वायरी तपासल्या, त्या उत्तम होत्या. त्यांना हात लावला नाही. सगळं जुनं वाईट असतं असं माझं म्हणणं नव्हतंच. जुनं काय आहे ते न बघता त्यावर नवं जोडू नये, एवढंच.

माझं काम बॅटरी धरण्याचं आणि चिठ्ठ्या लावण्याचं. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नाव, आणि वहीत आकृती, फ्यूजच्या आकड्यांसह. पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलेल्या बाईला याहून काय हवं? ती वही प्लास्टिकच्या पिशवीत घालून बोटीतच ठेवली आहे. आधीच्या मालकाचा राग मला जाड फ्यूजबद्दल कमी आणि काहीच लिहून न ठेवल्याबद्दल जास्त आला. आपल्यामागून जो हात घालणार आहे, त्याला अंधारात ठेवणं बरं नव्हे.

चार जुलै अर्थातच हुकला. आतषबाजी आम्ही काठावरून, डास मारत पाहिली. नात रुसली होती. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी तिनेच दिव्यांचं बटण दाबलं आणि आम्ही निघालो.

असो. आपल्या घरच्या फ्यूजमध्ये कोणती तार आहे, ते आज एकदा पाहाल का? मेन स्विच बंद करून, बरं का.