दगड घ्या, पण पावतीसह

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही, आणि पायाखालचा दगड म्हणावा तर ज्वालामुखीच्या लाव्ह्याचा काळा पाषाण. तरीही ज्या कोणास दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचपेटी मांडून तीत प्रवाळसृष्टी उभी करण्याची हौस असेल, त्याने त्या पेटीचा आधार असणारा ‘लाइव्ह रॉक’ कोठून आला याची चौकशी केल्यावाचून एक दमडीही मोजू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हा खडक म्हणजे बहुधा मृत प्रवाळांचा सच्छिद्र, चुनकट सांगाडा. त्याच्या छिद्रांत वसणारे जिवाणू माशांच्या मलमूत्रातून उपजणाऱ्या विषारी अमोनियाचे आधी नायट्राइट व मग त्याहून पुष्कळ सौम्य असे नायट्रेट करतात, म्हणून त्याचे एवढे महत्त्व. परंतु प्रवाळभित्ती बांधणारे प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. तेव्हा मालवणच्या उथळ पाण्यातून किंवा दूर समुद्रातील ‘आंग्रिया बँक’ या बुडालेल्या पठारावरून उपटलेला तुकडा घरी सापडला, तर मुद्देमाल जप्त होऊन तीन ते सात वर्षांच्या कैदेची पाळी येऊ शकते, आणि ‘अहो, हा तर वाळलेलाच आहे’ ही दुकानदाराची सबब तेथे कामास येत नाही.

मार्ग आहे तो कारखान्यात घडवलेल्या कोरड्या खडकाचा. आकाराच्या मानाने हलका आणि जाळीदार तेवढा निवडावा. (प्रवरा नदीकाठची चुनखड लिंबाच्या रसाने फसफसते खरी, पण तीत माती मिसळलेली असते, म्हणून तो मोह नको.) खडक ब्रशाने घासून, आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम समुद्री मीठ विरघळवून, झाकलेल्या पिंपात पंप लावून ठेवावा, कारण उजेड मिळाला की शेवाळ माजते. निरोगी खाऱ्या पेटीतील फिल्टरचा तुकडा विरजणासारखा टाकून थोडा अमोनिया घालावा. घातलेला अमोनिया एका दिवसात नाहीसा होऊन नायट्राइटही शून्य दिसू लागले, म्हणजे खडक सिद्ध झाला. यास साधारण चार ते सहा आठवडे लागतात. नगरच्या वैशाखात तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून हे काम हिवाळ्यात आरंभणे बरे.

विक्रेत्याकडे खडकाच्या उगमाचा दाखला व पक्की पावती मागा. तो कां कूं करू लागला, तर तो दगड त्याच्याच दुकानात राहू द्या.