ऐरावत नको, गुराब हवी

दरवर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन येतो आणि दरवर्षी माझे डोके तापते. त्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून येणारे चित्र पाहा. विमानवाहू जहाज! त्याच्या सपाट पाठीवर ओळीने मांडलेली विमाने आणि खाली अभिमानाने फुगलेला मजकूर. पण हा दिवस आपण साजरा करतो तो कशासाठी? १९७१ सालच्या त्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या तीन क्षेपणास्त्र-नौकांनी कराचीवर घाला घातला, खैबर ही विनाशिका आणि मुहाफिज हे सुरुंग काढणारे जहाज बुडवले आणि एकही माणूस न गमावता त्या परत आल्या. अडीचशे टनांच्या आतल्या या नौका मुळात किनारा राखण्यासाठी रशियाकडून आणलेल्या होत्या. त्यांची धाव इतकी तोकडी, की वाटेचा काही भाग त्यांना ओढून न्यावे लागले. पराक्रम धाकट्याने करावा आणि दिवाणखान्यात तसबीर थोरल्याची लागावी, असा हा प्रकार आहे.

कोणाचाही मुलूख आम्हांला नको, असे आपण स्वातंत्र्यापासून जगाला सांगत आलो आहोत, आणि ते खरेही आहे. मग अशा शांतताप्रिय राष्ट्राने जहाजे निवडताना पहिला प्रश्न कोणता विचारावा? आपल्या दाराशी येणारा वैरी कोणत्या वाटेने येतो, हाच ना? तो कसा आला ते आपण दोनदा पाहिले आहे. १९९३ च्या आरंभी रायगड जिल्ह्यात दिघी आणि शेखाडी येथे स्फोटके आणि हत्यारे उतरली, आणि १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी दहा जण आले ते कुबेर नावाची पोरबंदरची मासेमारी बोट पळवून, तिच्या तांडेलाचा खून करून, आणि शेवटचा पल्ला गाठला रबरी होडीतून. कुलाब्याच्या कोळीवाड्यात ते उतरले तेव्हा त्यांना हटकले ते वस्तीतल्या कोळ्यांनी. आरमाराची कोणतीही नौका त्यांच्या आड आली नाही.

यावर माझे काही विद्वान मित्र हसतात. "अहो, तेलाच्या वाटा कोण राखील? १९७१ मध्येच विक्रांतच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बझार भाजून काढले, ते विसरलात?" विसरलो नाही. पूर्वेच्या समुद्रात विक्रांतने मोठे काम केले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्याच युद्धात तिला पश्चिमेच्या समुद्रात, पाणबुड्यांच्या तोंडी, पाठवण्याचे धाडस कोणी केले नाही, हेही सांगा की! जे रत्न तिजोरीबाहेर काढताना हात थरथरतो, ते रोजच्या वापराचे नव्हे.

आणि किंमत? गोर्शकोव्ह या जुन्या रशियन जहाजाचा करार २००४ साली झाला. ते २००८ साली यायचे होते. किंमत दुपटीवर गेली, चाचणीत बॉयलर बिघडले आणि विक्रमादित्य हे नाव धारण करून ते नौदलात दाखल झाले नोव्हेंबर २०१३ मध्ये! कोचीला बांधलेली नवी विक्रांत २०२२ साली आली, सुमारे वीस हजार कोटी रुपये खर्चून. ती आपल्या कारागिरांनी बांधली याचा मलाही आनंद आहे. पण अशा जहाजाला एकटे सोडता येत नाही. भोवती विनाशिका हव्यात, पाणबुडी हवी, तेलवाहू जहाज हवे. ऐरावत पाळला की माहूत आले, चारा आला आणि अंबारीही आली. एवढे झाल्यावर तिसऱ्याचीही मागणी आहेच.

विक्रांतच्या समारंभात शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून स्फुरलेले नवे निशाण फडकले. फार चांगले झाले. मात्र ज्यांनी ते फडकवले त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र उघडून पाहिले असते तर अधिक चांगले झाले असते. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे, असे सांगणारा हाच ग्रंथ पुढे बजावतो की गुराबा मध्यम प्रमाणाच्या असाव्यात, आणि वाऱ्यावाचून ज्यांचा उपयोग नाही अशी अवजड जहाजे बांधण्याचे कारण नाही. खाड्यांचा आणि उथळ पाण्याचा हा किनारा त्या माणसाला ठाऊक होता. आम्ही मात्र थोरवी मोजतो ती उंचीने. २०२३ च्या नौदल दिनासाठी मालवणला महाराजांचा पुतळा उभारला, तो नऊ महिन्यांच्या आत कोसळला. असो.

तर मग हवे काय? खुकरी बुडाली ती पाणबुडीच्या माराने, ९ डिसेंबर १९७१ रोजी, आणि तिच्याबरोबर कॅप्टन मुल्ला आणि जवळजवळ दोनशे माणसे गेली. तेव्हा केवळ चपळ होड्यांवर भागणार नाही, हे मी जाणतो. उथळ पाण्यात पाणबुडी हुडकणाऱ्या मध्यम नौका हव्यात. जून २०२५ मध्ये अशी पहिली नौका नौदलात आली. नाव अर्नाळा, आपल्या वसईजवळच्या किल्ल्याचे! अशा सोळा ठरल्या आहेत. सोळा का? जिचे वर्तमानपत्रात पान भरून चित्र येत नाही तिची मागणी कोणी मोठ्याने करत नाही, म्हणून.

त्यांच्या खालोखाल गस्तीच्या नौका हव्यात, भरपूर, आणि त्यांना लागणारे डिझेल हवे, यंत्र दुरुस्त करणारा मिस्त्री हवा. नौका विकत घेणे ही सोपी गोष्ट आहे. १९९३ ची स्फोटके उतरली ती नौका नव्हत्या म्हणून नव्हे. राखणदारांनीच पैसे खाल्ले होते, आणि त्याबद्दल कस्टमचे अधिकारी आणि पोलीस न्यायालयात दोषी ठरले. शिवाय ज्या कोळ्यांना समुद्रातली परकी होडी नुसत्या चालीवरून ओळखता येते, त्यांना आम्ही ओळखपत्रे दाखवायला लावतो; त्यांच्याकडून माहिती घ्यायला मात्र कोणी दररोज जात नाही.

मागच्या वर्षी कोकणातल्या एका बंदरात मी धक्क्यावर उभा होतो. दोरखंडाने बांधलेली एक गस्ती नौका पाण्यावर डुलत होती. बुडाला शेवाळ धरले होते, तिच्या टपावर बगळा बसला होता. शेजारी जाळे विणीत बसलेल्या म्हाताऱ्या तांडेलाला मी विचारले, "काका, ही गस्तीला कधी जाते?" त्याने वर पाहिलेही नाही. "ती? पावसाच्या आधीपासून इथंच हाय. जाळं वाळत घालायला बरी पडते."