समुद्रावरचे कारकून

शिडाच्या होडीतून कोणी पृथ्वीप्रदक्षिणा करून परत आला की वर्तमानपत्रं एक ठरलेला मथळा काढतात : 'मृत्यूशी झुंज!' आम्ही तो चहाबरोबर वाचतो आणि म्हणतो, "कमाल आहे बुवा! आपलं काम नव्हे." माझं भांडण या मथळ्याशी आहे, आणि त्याहून जास्त त्या 'आपलं काम नव्हे'शी.

मी बी. कॉम., बँकेत कारकून, मुक्काम लोणावळा. म्हणजे समुद्राशी संबंध पावसापुरता. अरबी समुद्र ढगात बसून घाट चढतो आणि वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर आमच्या डोक्यावर ओततो. घरातले पापड आणि माझं पदवीचं प्रमाणपत्र दोन्ही सादळलेली. अशा माणसाला दर्यावर बोलायचा अधिकार काय, असं कोणी विचारील. तर नौदलाला इंजिनं शिकवणारी 'आय. एन. एस. शिवाजी' १९४५ पासून आमच्या डोंगरावरच आहे. आणि ज्यांचं पोट समुद्रावर, त्या कोळ्यांची एकवीरा आई आमच्या मावळात, कार्ल्याला. चैत्रात ते पालख्या घेऊन घाट चढून येतात. तेव्हा समुद्राचा कारभार थोडा इकडूनही चालतो म्हणायला हरकत नाही.

आता ही झुंज तपासू. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये 'म्हादेई'तून मुंबईहून निघाले आणि मे २०१० मध्ये परत आले. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वी फिरून येणारे पहिले भारतीय. वाटेत चार मुक्काम. पण त्यांनी या कामाला हो म्हटलं होतं २००६ मध्ये! मधली तीन वर्षं होडी गोव्यात दिवाडी बेटावर बांधून घेण्यात आणि शिकण्यात गेली. तयारी तीन वर्षं, प्रवास नऊ महिने. ही ज्यांची कल्पना ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहत होते फलटणजवळ विंचुर्णीला. फलटणला समुद्र लोणावळ्याहूनही लांब.

आणि समुद्रावर गेल्यावर माणूस करतो काय? वही भरतो. बॅरोमीटरचा आकडा ठराविक तासांनी लिहायचा. एकटा आकडा काही सांगत नाही, मागच्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो. पासबुकच की! आकडा भराभर उतरायला लागला की शीड आखडायचं. तेही वारा अंगावर आल्यावर नव्हे, तर 'आखडावं की काय?' असा विचार मनात आला त्या क्षणी, कारण शीड वाढवणं केव्हाही जमतं, पण रात्री, पावसात, होडी एका अंगावर कलंडलेली असताना ते कमी करणं महाकठीण. रोज दोरन् दोर हाताखालून घालायचा. दोर वादळाने तुटतो हे आपल्याला वाटतं. तो बहुतेकदा एकाच जागी महिनाभर घासून तुटतो. पाणी मोजून प्यायचं. कांद्या-बटाट्यांतला नासका रोज निवडायचा, नाहीतर पोतंच्या पोतं जातं. झोप हप्त्याहप्त्याने. सांगा, यात तलवार कुठे आहे? हा तर आमचा मार्च-एण्ड! फरक इतकाच की आमची चूक आम्ही लाल शाईने दुरुस्त करतो. तिथे साहेब ती सवलत देत नाही.

धोका नाही असा खोटा ताळेबंद मी मांडणार नाही. अभिलाष टॉमी यांची डोलकाठी सप्टेंबर २०१८ मध्ये हिंदी महासागराच्या दक्षिणेला मोडली, पाठीला जबर मार बसला, आणि फ्रेंच जहाज पोचेपर्यंत तीन दिवस ते होडीत पडून होते. तेच गृहस्थ पुन्हा त्याच शर्यतीत उतरले आणि २०२३ मध्ये दुसरे आले. 'तारिणी'वरच्या सहा नौदल अधिकारी मुली २०१७-१८ मध्ये २५४ दिवसांत जगाला फेरी मारून आल्या. परतताना सुकाणूची यंत्रणा बिघडली, तर मॉरिशसला थांबून दुरुस्त करून घेतली. झुंज घ्यायची असती तर तशीच होडी हाकली असती आणि मथळाही मोठा मिळाला असता.

कोळ्यांचंही तेच. ज्यांनी जन्मभर समुद्र पाहिला ते पावसाळा लागला की होड्या किनाऱ्यावर ओढतात. आणि ज्यांनी पाहिला नाही ते नेमके तेव्हाच लोणावळ्याला येतात, लेंग्याच्या बाह्या वर करून भुशीच्या पायऱ्यांवर बसतात, हातात मक्याचं कणीस. वर डोंगरात काय कोसळतंय याची वही कोणाकडेच नसते. ३० जून २०२४ ला धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याला आपण सहल म्हणतो. आणि जो तीन वर्षं तयारी करून निघतो, तो वेडा धाडसी!

मला तर वाटतं, 'धाडसी' हे बिरुद आपण मुद्दाम देतो. माणसाला एकदा देव्हाऱ्यात बसवला की दोन फुलं वाहून आपण मोकळे. त्याच्यासारखं वागायची जबाबदारी उरत नाही. नुसता चिकाटीचा, हिशेबी माणूस म्हटलं तर पंचाईत. मग आपण का नाही, या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं.

हे सगळं मी तावातावाने बोलतोय खरा, पण गेल्या वर्षी माझी मुलगी एन. सी. सी.तून शिडाच्या होड्यांच्या शिबिराला निघाली होती, तेव्हा पालकांच्या संमतीचा फॉर्म मी कोरा परत केला. कारण सांगितलं, 'हवामान बदलतं आहे.' ती काही बोलली नाही. यंदा फॉर्म पुन्हा आला. मी चष्मा पुसत म्हटलं, "हवामान..."

"बाबा, सातवीत असताना तुम्ही मला भुशीला घेऊन गेला होतात. पुढच्या पायरीवर बसवून फोटो काढलात. तेव्हा कुठे पाहिलं होतंत हवामान?"

हिने आतून भांडी आपटायचं थांबवलं, म्हणजे ऐकत होती. मी पेन मागितलं. लाइफ जॅकेट कोण देणार, बरोबर कोण, किती दिवस, असे सात प्रश्न विचारले. सातांचीही उत्तरं तिच्या वहीत लिहिलेली होती. मग सही केली.

मुलीने कागद उजेडात धरला. "बाबा, ही सही तुमच्या बँकेत पास होईल?"

पाहिलं तर खरंच जुळत नव्हती. मग अशा वेळी गिऱ्हाइकाला आम्ही सांगतो तेच केलं. खाली पुन्हा एकदा सही केली.