घर बांधण्याआधी जागेचा कागद पाहा



उसाचे बिल हाती आले, कांद्याला भाव लागला किंवा रस्त्यात गेलेल्या जमिनीचा मोबदला मिळाला, की आपल्याकडे पहिला विषय निघतो तो स्लॅबच्या घराचा. त्यात गैर काही नाही. चाळीस वर्षे गळक्या कौलाखाली संसार केलेल्या बाईला पक्के छप्पर मिळालेच पाहिजे. पण वाळू, सिमेंट आणि सळईचे भाव चार दुकानी विचारणारी मंडळी ज्या जागेवर पाया खणायचा तिचा कागद मात्र पाहत नाहीत. माझे काम पिकाचे. तरीपण बांधावरचे बोलणे संपले की पिशवीतून घराच्या तंट्याचे कागद बाहेर येतात, म्हणून आज हा विषय घेतला आहे.

विचारले, की उत्तर ठरलेले असते, "नमुना आठला नाव आहे की आमचं!" ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंद. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढेच तो सांगतो; मालकी सिद्ध करीत नाही. (शेतजमिनीचा खाते उतारा ८-अ हा निराळा, दोहोंत गल्लत नको.) गावठाणातील घरांना पूर्वी बहुतेक गावांत याखेरीज कागदच नव्हता. म्हणून केंद्र सरकारने २४ एप्रिल २०२० रोजी स्वामित्व योजना सुरू केली. आपल्याकडे पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात त्याआधीच ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला होता. यात आधी घरांच्या हद्दी चुन्याने आखतात, मग वरून छायाचित्रे घेतात, नकाशा होतो, चौकशी होते आणि शेवटी मिळकत पत्रिका मिळते.

यातली चौकशी फार महत्त्वाची. मी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. वडिलार्जित घर, दोन भाऊ. थोरला गावात, धाकटा मुंबईस नोकरीला. चौकशीच्या दिवशी थोरल्याने आपले एकट्याचे नाव सांगितले. मनात काळेबेरे नव्हते. घरपट्टी मीच भरतो, तेव्हा नाव माझेच, एवढाच हिशेब. पुढे धाकट्याने फंडाची रक्कम काढून वरचा मजला चढवला. थोरला वारला, पत्रिकेवर त्याच्या मुलांची नावे लागली, आणि आता काका-पुतणे कोर्टात आहेत. वरच्या खोल्यांना कुलूप. पाडव्याला तिथे कोणी तोरण बांधत नाही.

तेव्हा पत्रिका झाली असेल तर नाव, क्षेत्र आणि चतुःसीमा आजच वाचा. चूक दिसली तर भूमी अभिलेख कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. मोजणी अजून व्हायची असेल तर बाहेरगावच्या भावांना त्या दिवशी बोलावून घ्या.

वाटणीचेही तसेच. पंचांसमोर साध्या स्टँपवर लिहून कपाटात ठेवलेले वाटणीपत्र भांडण लागल्यावर कोर्टात टिकणे कठीण. महसूल कायद्याच्या कलम ८५ नुसार तहसीलदार वाटप करून देतात खरे, पण ते शेतजमिनीचे. घराची वाटणी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावी लागते. आणि त्यात बहिणींना विसरू नका. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. वडील तेव्हा हयात असोत वा नसोत, तो जन्मानेच मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. ओवाळणीच्या ताटात नोट टाकायची आणि त्याच बैठकीत हक्कसोडपत्रावर सही मागायची, ही रीत मला पसंत नाही. तिला हिस्सा हवा असेल तर तोही कागदावर येऊ द्या. सोडायचा असेल तर तिच्या राजीखुशीने, नोंदणी करून.

गावठाणात जागा नाही म्हणून पुष्कळजण आता शेतातच घर बांधतात. तिथे सातबारा पाहा. भोगवटादार वर्ग २ असे लिहिले असेल तर तहसील कचेरीत विचारल्याशिवाय कुदळ मारू नका. जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर बिनशेतीसाठी सोपी वाट आहे, तीही तिथेच समजेल. आणि घरासाठी बँकेचे कर्ज धरून चालला असाल तर पायाभरणीच्या आधी बँकेत कागद दाखवून या. निम्मे बांधकाम झाल्यावर नकार आला, की सावकाराचे दार दिसते.

पैशाबद्दल एकच सांगतो. गावातले घर सहसा भाड्याने जात नाही आणि अडचणीत लवकर विकतही नाही. विहिरीचे काम अर्धवट असताना वरचा मजला चढवलेली घरे मी पाहिली आहेत. त्या मजल्यावर कांदा पसरलेला असतो.

भाऊबीजेला बहीण येईलच. ती आली, की सगळ्यांनी बसून बोला. दिवाळीच्या सुट्टीत निबंधक कचेरी बंद असते, तेव्हा तिला दोन दिवस जास्त ठेवून घ्या.