लहरींचा निस्तारहक्क

महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. कोक्याचे अरण्य, रावणवाडीचा तलाव आणि गोसीखुर्दचा अफाट जलाशय ज्या भंडारा जिल्ह्याच्या वाट्याला आला आहे, तेथे असली फिरती घरे आज ना उद्या मुक्कामाला येणार, हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही. त्यांच्यासाठी जागा, पाणी, स्वच्छतागृहे यांची तजवीज कशी व्हावी, यावर खल होतो. त्यांच्या पोटातील इन्व्हर्टर आसमंतात काय सोडतो, याची चौकशी मात्र कोणी करीत नाही.

बॅटरीतील 12 किंवा 24 व्होल्टांचा एकदिश प्रवाह घेऊन त्याचा 230 व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह करणे, हे त्या पेटीचे काम. त्यासाठी आतील ट्रान्झिस्टर सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात. ती जितकी तडकाफडकी, तितकी उष्णता कमी, परंतु तितकाच विद्युत्कोलाहल अधिक. हा कोलाहल मूळ कंप्रतेच्या दुप्पट, तिप्पट, दहापट अशा गुणजांवर पसरत जातो, आणि बॅटरीपासून दिव्यापर्यंत गाडीभर फिरलेल्या तारा त्याला आयतीच एरियल पुरवितात. समजा, उघडझापेची कंप्रता 65 किलोहर्ट्झ आहे. तिचा नववा गुणज 585 किलोहर्ट्झवर, म्हणजे नेमका आकाशवाणीच्या नागपूर केंद्राच्या मध्यम लहरीवर येऊन बसतो. मग इन्व्हर्टरची कळ दाबताच निवेदकाच्या आवाजावर एक चिवट किर्र चढते. ट्रान्झिस्टर रेडिओ हातात धरून सावकाश फिरवला, तर त्यातील फेराइटच्या कांडीला अशी एखादी दिशा सापडते की किर्र बरीचशी ओसरते. पण त्याच दिशेला नागपूरही ऐकू येईल, असा भरवसा नाही. दुकानदार अशा वेळी ‘प्युअर साइन वेव्ह’चे महाग यंत्र पुढे करतो. ते अर्धसत्य आहे, कारण बाहेर पडणारी 50 हर्ट्झची लहर कितीही गुळगुळीत असली, तरी ती घडविण्यासाठी आतली उघडझाप चुकत नाही; यंत्रात गाळणी (फिल्टर) नीट बसविली आहे की नाही, हाच खरा प्रश्न.

पर्यटकाची गाडी दोन दिवसांनी निघून जाईल. परंतु त्याच जातीची यंत्रे आता भारनियमनाला कंटाळलेल्या घराघरांत आहेत, आणि 2019 मध्ये सुरू झालेल्या कुसुम योजनेपासून धानाच्या बांधांवर जे सौर पंप उभे राहत आहेत, त्यांपैकी प्रत्यावर्ती मोटारीच्या पंपांचे नियंत्रक म्हणजे तत्त्वतः इन्व्हर्टरच. ते तर वर्षानुवर्षे जागचे हलणार नाहीत.

यावर कोणी विचारील की, मध्यम लहर आता ऐकतो कोण? ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगेने भंडारा शहरात आणि काठच्या गावांत जे रूप दाखविले, ते ज्यांनी पाहिले त्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. पुरात प्रथम वीज जाते, पुढे बॅटऱ्या उतरल्या की मोबाईलचे मनोरेही मुके होऊ शकतात, आणि दूरच्या प्रक्षेपकावरून येणारा, दोन सेलांवर ऐकता येणारा आवाज तेवढा शिल्लक राहतो. परंतु वीज गेलेली असते नेमक्या त्याच घटकेला शेजारीपाजारी इन्व्हर्टर सुरू झालेले असतात! अमेरिकेत काही मोटार-उत्पादकांनी, विजेच्या गाडीतील यंत्रणा मध्यम लहरीला त्रास देते हे कबूल करून, गाडीतून त्या लहरीचा रेडिओच काढून टाकला. गोंगाट करणारा मोकळा आणि फिर्यादी हद्दपार, असला हा न्याय. तेथील लोकप्रतिनिधींनी 2023 मध्ये त्याविरुद्ध विधेयक आणले, यात नवल नाही.

आपल्याकडे सामाईक मिळकतीचा न्याय वेगळा राहिला आहे. या भागातील मालगुजारी तलाव, चराई आणि जळाऊ लाकूड यांवरील गावाचे वहिवाटी हक्क, म्हणजेच निस्तारहक्क, बंदोबस्ताच्या वेळी ‘वाजिब-उल-अर्ज’मध्ये, आणि पुढे निस्तार पत्रकात लेखी नमूद झाले. तलाव मालगुजाराने बांधला म्हणून त्याने पाण्याचे वाटेल ते करावे, असे कोणी मानले नाही. माझे म्हणणे इतकेच की, आकाशातील लहर हीदेखील अशीच सामाईक मिळकत आहे, आणि तिच्यात कोणी किती घाण सोडावी याची मर्यादा ऐकणाऱ्याच्या तक्रारीवर नव्हे, तर विकणाऱ्याच्या जबाबदारीवर उभी असली पाहिजे. मर्यादा नाहीत असे नाही. विद्युत्यंत्रांच्या रेडिओ-उपद्रवावर विचार करणारी ‘सिस्पर’ ही आंतरराष्ट्रीय समिती 1934 पासून आहे, आणि भारतीय मानकेही आहेत. परंतु बांधावरच्या शेतकऱ्याने आपल्या रेडिओच्या खरखरीची दाद कोणत्या कचेरीत मागावी? उपद्रव कशातून होतो, हे तरी त्याला कोणी सांगितले आहे?

म्हणून शासन जेथे स्वतः अनुदान देते, तेथे ते अनुदानच लगाम ठरू शकते. सौर पंपाच्या निविदेत आणि कॅराव्हॅनच्या नोंदणीत एक कलम वाढवावे: इन्व्हर्टर धातूच्या पेटीत असावा, दोन्ही बाजूंस गाळणी असावी, तारा आखूड आणि एकमेकींना पीळ दिलेल्या असाव्यात, आणि उत्सर्जनाचा चाचणी-अहवाल दस्तऐवजांसोबत जोडलेला असावा. यंत्राच्या किमतीपुढे हा खर्च किरकोळ आहे. जागेवरच्या पडताळणीसाठी तर प्रयोगशाळाही नको; तपासायला येणाऱ्या कर्मचाऱ्याने खिशातला ट्रान्झिस्टर 585 वर लावावा, यंत्र सुरू करून चार पावले दूर उभे राहावे, आणि नागपूर ऐकू येत नसेल तर पावतीवर सही करू नये.