कांचहौदाची गुडगुड

वाहत्या पाण्याचा आवाज मनास आल्हाद देतो, ही गोष्ट खरी. घोडाझरीचा सांडवा पावसाळ्यांत वाहूं लागला म्हणजे आपण सहकुटुंब तो पाहावयास जातों. परंतु तोच आवाज चार भिंतींच्या आंत अहोरात्र चालू राहिला, तर त्याचा जाच होतो. आमच्या वाचनालयांतील माशांच्या कांचहौदानें हा अनुभव आम्हांस पुरेपूर दिला. शेजारच्या सभागृहांत प्रार्थनेसाठीं सर्व स्तब्ध झाले कीं हौदानें गुडगुडावें आणि मागल्या बांकांवर हंशा पिकावा, असा प्रकार कित्येक दिवस चालला होता.

या हौदांत आम्ही गप्पी मासे वाढवितों. डांसांच्या अळ्या खाणारा हा इवलासा मासा, हिंवतापाशीं झगडणाऱ्या गडचिरोलीकडील मुलांस केवळ शोभेची वस्तु वाटत नाहीं. वरच्या हौदांतील पाणी उभ्या नळींतून खालच्या गाळणीच्या हौदांत पडतें व पंप तें पुन्हां वर चढवितो. एका विद्यार्थ्यानें आवाज थांबविण्यासाठीं त्या नळीच्या तोंडांत फडकें कोंबलें. आवाज थांबला खरा. पण सकाळीं पाहतों तों हौद कांठावरून वाहून खालच्या फळीवरचीं पुस्तकें भिजलेलीं! मुलास बोल लावणें सोपें होतें. माझें मत असें कीं, दोष त्याचा एकट्याचा नव्हता. आवाज हाच रोग, अशी आम्हां शिक्षकांचीही समजूत होती.

वस्तुतः गोंधळ माजवितें तें पाणी नव्हे, तर हवा. नळी पूर्ण भरलेली नसली म्हणजे पाणी तिच्या आंतल्या अंगास चिकटून उतरतें, मध्यें हवा राहते, आणि पडतां पडतां पाणी तीस आपल्याबरोबर खालीं ओढतें. तेथें ती बुडबुड्यांच्या रूपानें फुटते. कधीं नळी क्षणभर भरून सायफनाप्रमाणें पाणी जोरानें खेंचते. पातळी उतरतांच तोंडाशीं भोवरा पडतो, हवा आंत शिरते आणि ती ओढ तुटते. प्रार्थनेंत ऐकूं येणारा मोठा घोट तो हाच.

यास्तव नळ्या दोन असाव्या. पहिलीचें तोंड पाण्याखालीं बुडालेलें ठेवून, खालच्या भागीं गेट व्हॉल्व्ह बसवावा व प्रवाह इतकाच आवळावा कीं नळी सदैव भरलेली राहील. तिचें खालचें टोंक पाण्यांत इंचभरच बुडवावें. फार खोल गेलें तर आरंभीं आंतील हवा बाहेर पडूं शकत नाहीं. दुसरी नळी एक-दोन इंच उंच, उघडी व व्हॉल्व्हवांचून असावी, आणि पंपाचें सर्व पाणी तिला एकटीला वाहून नेतां आलें पाहिजे. पिलांसाठीं तोंडावर जाळी हवीच, पण ती वरचेवर धुवावी. तुंबलेली जाळी म्हणजे दुसरें फडकेंच. वीज गेली म्हणजे वरचें पाणी पहिल्या नळीच्या तोंडापर्यंत उतरतें. तेवढी जागा खालीं मोकळी असावी. आपल्या भागांत हें विसरून चालणार नाहीं.

दुसरी नळी म्हणजे व्यर्थ खर्च, असें कांहींचें म्हणणें पडलें. त्यांनीं झाडीपट्टींतील जुने तलाव पाहावे. कोहळी लोकांनीं ते बांधतांना शेतास पाणी देणारी मोरी निराळी व पुराचें पाणी सोडणारा सांडवा निराळा ठेविला. मोरीवरच सारा भार टाकून सांडव्याचा खर्च वांचवावा, असें त्यांस वाटलें नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, बुडबुडे बंद झाल्यास माशांस प्राणवायु कोठून मिळणार? तो पाण्यास मुख्यतः हलत्या पृष्ठभागावरून मिळतो. पंपाची धार त्या पृष्ठभागाशीं तिरपी सोडली म्हणजे झालें.

आतां प्रार्थनेच्या वेळीं केवळ पंपाची घरघर ऐकूं येते. त्याच्याखालीं रबराची जाड पट्टी घातल्यास तीही कमी होईल, असें त्याच विद्यार्थ्याचें म्हणणें आहे. पट्टी आणण्याची परवानगी त्यास देण्यांत आली आहे.